वाचकांचे प्रश्न : प्राण्यांच्या शरीररचनेची चित्रे आणि स्कॅन

प्राण्यांच्या शरीररचनेची चित्रे कशी तयार होतात, याविषयी वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांतील प्रश्न थोडे संक्षिप्त करून येथे उत्तरांसह देत आहोत.

प्रश्न : सूक्ष्म सीटी स्कॅनमुळे आता बेडकाच्या कवटीतील बारीकात बारीक हाडसुद्धा कवटी न फोडता पाहता येते. अशा वेळी शरीररचना हाताने रेखाटणाऱ्या चित्रकारांची गरज खरोखर उरली आहे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : होय, उरली आहे, आणि परंपरेवरील प्रेम हे त्याचे कारण नाही. स्कॅन आपल्याला एका विशिष्ट नमुन्याची अचूक नोंद देतो. त्यात त्या जिवाची मोडून पुन्हा जुळलेली बरगडी असते, अल्कोहोलमध्ये राहून आकसलेले स्नायू असतात आणि बरणीत बसवताना वाकडी झालेली शेपटीही असते. शरीररचनेच्या चित्राकडून आपली अपेक्षा वेगळी असते. त्या जातीच्या प्राण्यात एखादा अवयव साधारणपणे कसा असतो, कशाला जोडलेला असतो आणि कशाच्या मागे दडलेला असतो, हे त्या चित्राने सांगायचे असते. त्यासाठी चित्रकाराला अनेक नमुने पाहावे लागतात, कोणता तपशील त्या एका जिवापुरता आहे आणि कोणता साऱ्या जातीत आढळतो हे अभ्यासकाशी बोलून ठरवावे लागते, आणि त्यानंतरच रेषा ओढता येते.

या कामाचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणून मी इंग्रज चित्रकार जॉर्ज स्टब्ज यांचे नाव घेईन. लिंकनशायरमधील हॉर्कस्टो या खेड्यात 1756 पासून सुमारे 18 महिने त्यांनी घोड्यांचे विच्छेदन केले. घोड्याच्या मानेतील रक्तवाहिनीतून रक्त वाहून गेल्यावर ते त्याच्या रक्तवाहिन्या वितळवलेल्या चरबीने भरत, म्हणजे त्या चपट्या होत नसत. मग छताजवळ बसवलेल्या लोखंडी दांड्याला आकड्यांनी ते शव असे टांगत, की खूर खालच्या फळीवर टेकावेत आणि घोडा चालता चालता थांबला आहे असे वाटावे. त्यानंतर कातडी, मग स्नायूंचा एकेक थर असे करीत ते हाडांपर्यंत पोहोचत आणि प्रत्येक टप्प्यावर बाजूने, समोरून व मागून चित्रे काढत. एक शव तर 11 आठवडे वापरात होते. शव कुजू न देणारे फॉर्मॅलिन नसलेल्या काळात त्या खोलीत उभे राहून काम करणे किती कठीण असेल, याचा विचार केला की त्या चित्रांकडे मी अधिक आदराने पाहतो. कोरीव काम करणारे कारागीर हे काम स्वीकारायला तयार होईनात, म्हणून तांब्याचे पत्रेही स्टब्ज यांनी स्वतःच कोरले आणि 1766 मध्ये 18 मोठ्या फलकांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या फलकांवरील घोडा अनेक शवांवरून सिद्ध झालेला आहे. तसा एकच घोडा कोणत्याही स्कॅनयंत्रात ठेवता येणार नाही.

छायाचित्राची अडचण आणखी वेगळी आहे. नुकत्याच उघडलेल्या शरीराचे छायाचित्र ज्यांनी पाहिले असेल, त्यांना ठाऊक असेल की त्यात सगळेच ओले, चकाकणारे आणि लालसर दिसते. मज्जातंतू कोणता, बारीक नीला कोणती आणि दोन स्नायूंमधील पातळ पटल कोठे संपते, हे अनुभवी डोळ्यालाही पटकन सांगता येत नाही. चित्रकार मज्जातंतूची कड स्पष्ट करतो, पटल बाजूला सारल्यासारखे दाखवतो आणि चकाकी पूर्णपणे गाळतो. गाळण्याचे हे काम समजून उमजून केलेले असते, आणि शिकणाऱ्याला उपयोग होतो तो त्याचाच.

चित्र न दिसणारी गोष्टही दाखवू शकते. लिओनार्दो दा विंची यांनी 1513 च्या सुमारास बैलाच्या हृदयाचा अभ्यास करताना महारोहिणीच्या (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीच्या) मुळाशी असलेल्या झडपेमागे रक्ताचे भोवरे तयार होत असावेत आणि त्यांच्यामुळे झडप मिटायला मदत होत असावी, असे रेखाटून ठेवले. त्या जागेचा मेणाचा साचा घेऊन त्यावरून काचेची प्रतिकृती करावी आणि तीतून गवताचे बी मिसळलेले पाणी सोडून प्रवाह पाहावा, असेही त्यांनी टिपणात लिहिले. आज एमआरआयच्या साहाय्याने जिवंत माणसाच्या हृदयात हे भोवरे प्रत्यक्ष पाहता येतात. या प्रसंगात चित्र आधी आले आणि यंत्राचा दुजोरा जवळपास पाच शतकांनी मिळाला.

तथापि यंत्राचे श्रेय यंत्राला दिलेच पाहिजे. धावत्या घोड्याचे चारही पाय हवेत असतात तेव्हा ते पुढे-मागे ताणलेले असतात, अशी चित्रे पिढ्यानपिढ्या काढली गेली. 1878 मध्ये कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिज यांनी ओळीने मांडलेल्या कॅमेऱ्यांनी घेतलेल्या छायाचित्रांत ते पाय त्या क्षणी पोटाखाली गोळा झालेले दिसले. अलीकडचे उदाहरण मला त्याहून आवडते. अमेरिकेतील 18 संस्थांनी मिळून 2017 ते 2023 या काळात संग्रहालयांतील 13,000 हून अधिक पृष्ठवंशी नमुन्यांचे स्कॅन केले आणि ते सर्वांसाठी विनामूल्य खुले केले. हे काम चालू असताना आफ्रिकेतील काटेरी उंदराच्या शेपटीच्या कातडीत हाडांच्या चकत्यांचे कवच आढळले. हयात सस्तन प्राण्यांपैकी असे कवच तोवर केवळ आर्माडिलो या अमेरिका खंडांतील कवचधारी प्राण्यात माहीत होते. ते उंदीर संग्रहालयांत कितीतरी वर्षे पडून होते, पण शेपटीत हाड असेल अशी शंका कोणाला आली नव्हती, त्यामुळे ते कोणी शोधले नव्हते आणि कोणी रेखाटलेही नव्हते. ज्याची कल्पनाच नाही ते दाखवणे स्कॅनला जमते. दिसलेल्या गोष्टीचा अर्थ लावून ती मांडणे हे काम चित्रकाराचे राहते.

प्रश्न : सोळाव्या शतकातील गेंड्याच्या एका प्रसिद्ध लाकूडठशात (लाकडावर कोरून छापलेल्या चित्रात) गेंड्याच्या पाठीवर एक छोटे शिंग दिसते. हा गेंडा गोव्याहून गेला होता, असे ऐकले आहे. ते खरे आहे का, आणि ही चूक कशी झाली? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : खरे आहे. गुजरातचा सुलतान दुसरा मुजफ्फरशाह याने हा गेंडा पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्क याला भेट दिला आणि त्याने तो गोव्याहून पोर्तुगालच्या राजाकडे रवाना केला. 20 मे 1515 रोजी तो लिस्बनला उतरला. न्यूरेंबर्गमध्ये राहणाऱ्या आल्ब्रेख्त ड्यूरर यांनी तो कधीच पाहिला नाही. लिस्बनहून आलेले वर्णन आणि एक रेखाटन एवढ्या आधारावर त्यांनी त्याच वर्षी हा ठसा तयार केला. एकशिंगी गेंड्याच्या कातडीला खोल घड्या असतात, त्यामुळे शरीराचे मोठे भाग त्यांना बऱ्यापैकी साधले. मात्र त्या घड्यांचे त्यांच्या हातून चिलखताचे पत्रे झाले, पायांवर खवले आले आणि खांद्यांच्या मध्ये ते पिळदार शिंग उगवले.

फारसे सांगितले जात नाही ते असे, की त्याच वर्षी आउग्सबुर्ग येथे हान्स बुर्कमायर यांनीही याच गेंड्याचा ठसा केला होता. त्यात पुढच्या पायांना बांधलेली दोरी आहे आणि पाठीवर शिंग नाही. तो वास्तवाच्या अधिक जवळ होता, परंतु त्याची एकच प्रत आज उरली आहे, तर ड्यूरर यांचा ठसा पुन्हा पुन्हा छापला गेला आणि शास्त्रीय ग्रंथांतही त्याच्या नकला होत राहिल्या. पुढच्या लेखकांनी गेंडा पाहण्याऐवजी चित्रावरून चित्र उतरवले. माझ्या मते ड्यूरर यांच्यापेक्षा नक्कल करणाऱ्यांचा दोष मोठा आहे, कारण ऐकीव माहितीवर काम करणाऱ्याची चूक समजण्यासारखी असते. 1741 मध्ये क्लारा नावाची भारतीय गेंडीण हॉलंडमध्ये पोहोचली, वर्षानुवर्षे युरोपभर फिरवली गेली आणि चित्रकारांना तिच्यासमोर बसून रेखाटने करता आली. त्यानंतरच ते पाठीवरचे शिंग हळूहळू मागे पडले.

प्रश्न : स्कॅनच्या प्रतिमांत हाडे निळी, स्नायू लाल आणि मेंदू पिवळा दिसतो. हे रंग खरे असतात का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : नसतात. सूक्ष्म सीटीमध्ये नमुना थोडा थोडा फिरवत क्ष-किरणांच्या शेकडो किंवा हजारो प्रतिमा घेतल्या जातात आणि संगणक त्यांवरून लहान लहान घनांचा एक त्रिमितीय साठा तयार करतो. प्रत्येक घनाला मिळते ती केवळ करड्या रंगाची एक छटा, आणि ती त्या जागी किती क्ष-किरण अडले एवढेच सांगते. हाडात कॅल्शियम असल्यामुळे ते उठून दिसते. स्नायू, मेंदू आणि यकृत यांच्या छटा जवळपास सारख्याच येतात. त्यासाठी नमुना आयोडीनच्या द्रावणात काही दिवस ते काही आठवडे बुडवून ठेवतात. वेगवेगळ्या ऊती आयोडीन कमीजास्त शोषतात, त्यामुळे त्या वेगळ्या ओळखू येतात, पण द्रावण तीव्र असेल तर त्या आकसतातही. पुढे हा भाग स्नायू आणि हा भाग मज्जातंतू अशी विभागणी कोणीतरी माणूस पडद्यावर बसून, बऱ्याचदा एकेक काप पाहत करतो आणि मग आपल्या सोयीचे रंग देतो. संगणकाची मदत असली तरी शंकास्पद जागी कड कोठे धरायची, हे शरीररचना जाणणाऱ्यालाच ठरवावे लागते.

विश्वास ठेवताना रंगापेक्षा उंबरठ्याकडे अधिक लक्ष द्यावे. कोणत्या छटेपासून पुढे हाड मानायचे ती मर्यादा थोडी वर धरली, तर लहान माशाच्या किंवा सरड्याच्या कवटीतील कागदासारखी पातळ हाडे प्रतिमेतून नाहीशी होतात आणि अखंड हाडात भोक असल्यासारखे दिसते. मर्यादा खाली धरली, तर शेजारशेजारची दोन हाडे एकमेकांना चिकटलेली दिसतात. त्यामुळे चांगल्या शोधनिबंधात नमुना कोणत्या संग्रहालयातील आहे, स्कॅनची सूक्ष्मता किती होती आणि विभागणी कशी केली, हे दिलेले असते, आणि मूळ साठाही तपासण्यासाठी उपलब्ध असतो. याउलट काचपट्टीसारख्या पारदर्शक माशाच्या शरीरात लाल हाडे आणि निळे कूर्चा (मऊ, लवचीक हाडासारख्या ऊती) दिसतात, ती छायाचित्रे खऱ्या रंगांची असतात. तेथे मांस रसायनांनी पारदर्शक करून हाडांना ॲलिझारिन आणि कूर्चांना अल्शियन ब्लू हे रंग प्रत्यक्ष दिलेले असतात.

प्रश्न : मी प्राणिशास्त्राच्या प्रथम वर्षाला आहे. आमच्याकडे विच्छेदन होत नाही, त्यामुळे आम्ही पुस्तकातील आकृत्याच वहीत उतरवतो. निरीक्षणातून आकृती काढायला शिकायचे असेल, तर काय करावे? (एक विद्यार्थिनी, सातारा)

उत्तर : विद्यापीठ अनुदान आयोगाने 2014 मध्ये पदवी आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमांतील विच्छेदन बंद करण्याचे निर्देश दिले. शिक्षणासाठी हजारो बेडूक मारले जाणे थांबले, हे योग्यच झाले. परंतु त्यासोबत पाहून काढण्याची सवयही गेली, आणि तिची मला मनापासून खंत वाटते. ही सवय स्वयंपाकघरातही लावता येते.

बाजारातून ताजा, न कापलेला बांगडा आणा. तो डावीकडे तोंड करून ठेवा, कारण माशांची चित्रे तशीच काढण्याचा प्रघात आहे आणि त्यामुळे तुमचे चित्र इतर चित्रांशी ताडून पाहता येते. शेपटीजवळ वर आणि खाली असलेली सुटी परे मोजा. बहुधा दोन्हीकडे पाच-पाच भरतील, तरी आपल्या माशात जेवढी दिसतील तेवढीच काढा. मग त्याचे तोंड उघडून आत पाहा. कल्ल्यांच्या कमानींच्या आतल्या बाजूला लांब, पिसांसारखे काटे दाटीने उभे असलेले दिसतील. पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खाण्यासाठी ते असतात, आणि बांगड्यात ते इतके लांब असतात की तोंड उघडताच नजरेस पडतात. कल्ल्याचे झाकण कात्रीने काढून एक कमान बशीत पाण्यावर तरंगत ठेवली, की एका बाजूचे लाल कल्लेतंतू आणि दुसऱ्या बाजूचे हे फिकट काटे वेगवेगळे काढता येतील.

मासे खात नसाल किंवा हाताळणे नको असेल, तर वर सांगितलेल्या खुल्या संग्रहातील एखादा स्कॅन पडद्यावर फिरवून त्यावरून काढा, पण एकाच कोनावर समाधान मानू नका. मांसाहारी घरातील विद्यार्थ्यांनी खाटकाकडून बोकडाचे हृदय आणून ते आडवे कापून पाहावे. डाव्या जवनिकेची (हृदयाच्या खालच्या कप्प्याची) भिंत उजवीपेक्षा किती जाड असते, हे एकदा हाताला कळले की आकृतीत दोन्ही भिंती सारख्या जाडीच्या काढल्या जात नाहीत. पुस्तकातील निळा आणि लाल रंग हा केवळ संकेत आहे, हेही तेव्हा दिसेल.

टोकदार 2एच पेन्सिल घ्या आणि रेषा एकाच दमात, न गिरवता ओढा. पेन्सिलीने घासून छटा देऊ नका. उठाव दाखवायचाच असेल तर शाईचे ठिपके द्या आणि प्रकाश वरच्या डाव्या बाजूने येतो असे धरा. नावांच्या रेषा एकमेकींना छेदू देऊ नका. प्राणी उताणा ठेवून काढत असाल, तर त्याची डावी बाजू तुमच्या उजव्या हाताला येते. हृदयाच्या आकृत्यांत सर्वाधिक चुका येथेच होतात, म्हणून आकृतीच्या वर डावे आणि उजवे आधीच लिहून ठेवा. ‘चौपट’ किंवा ‘दुप्पट’ असे लिहिण्याऐवजी आकृतीखाली सेंटिमीटरची मोजपट्टी काढा, कारण आकृती लहान करून छापली तरी पट्टीही तिच्यासोबत लहान होते आणि प्रमाण बिघडत नाही. शेवटी कागदावर प्राण्याची जात, त्याची लांबी, तो कोठून आणला ते ठिकाण आणि तारीख लिहा, आणि एखादा भाग नीट दिसला नसेल तर ती रेषा तुटक ठेवा.