मेंदूच्या मलेरियावर संशोधन करायचं म्हणते मुलगी

पत्र: "गडचिरोली जिल्ह्यात धानाची शेती आहे. मुलगी बारावी सायन्सला, बायोलॉजी आहे, गणित नाही. पुतण्याला मेंदूचा मलेरिया झाला होता. वाचला, पण अजून अडखळत बोलतो. 'आपलीच प्रतिकारशक्ती मेंदूला इजा करते, ती कशी ते मला शोधायचं,' असं मुलगी म्हणते. डॉक्टरकीची 'नीट' परीक्षा सोडून यात पोट भरेल का?"

भाऊ, तुमच्या मुलीचा प्रश्न खरा आहे आणि तो अजून सुटलेला नाही. फाल्सिपॅरम या सगळ्यात घातक प्रकारच्या मलेरियात जंतू शिरलेल्या तांबड्या पेशी मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या आतल्या थराला चिकटतात. शरीर टीएनएफ, इंटरफेरॉन-गॅमा अशी रसायनं सोडतं. ती जंतूंशी लढण्यासाठीच असतात, पण त्यांच्यामुळे तो थर आणखी चिकट होतो. उंदरांमध्ये तर सीडी८ नावाच्या प्रतिकारशक्तीच्या टी-पेशीच या थरावर हल्ला करतात, वाहिन्या झिरपतात आणि मेंदू सुजतो. माणसात यातलं किती लागू पडतं, यावर अजून वाद आहे. आफ्रिकेतल्या मलावी देशातल्या मुलांच्या एमआरआयवरून २०१५ मध्ये दिसलं, की दगावलेल्या बहुतेक मुलांचा मेंदू फार सुजलेला होता.

मग प्रतिकारशक्ती दाबणारं औषध द्यावं, असं कुणालाही वाटेल. थायलंडमध्ये डेक्सामेथासोन हे तसलं औषध देऊन पाहिलं, १९८२ मध्ये निकाल आला: रुग्ण उलट जास्त वेळ बेशुद्ध राहिले. लढाई चालू राहावी आणि मेंदूही वाचावा, हे जमवायला नुसती डॉक्टरकी पुरत नाही, इम्युनॉलॉजी, म्हणजे प्रतिकारशक्तीचं शास्त्र, लागते.

आता पोटाचं. नीट यंदा सोडू नका, डॉक्टर होऊनही संशोधन करता येतं. सोबत आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थांची आयएटी ही प्रवेश परीक्षा द्या. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीवर बसता येतं, पण ६० पैकी १५ प्रश्न गणिताचे असतात. अकरावी-बारावीचं गणित तिनं आतापासून घरी करावं, नाहीतर तिथंच मागे पडेल. पुण्याच्या आयसरला पाच वर्षांचा बीएस-एमएस, म्हणजे पदवी आणि पदव्युत्तर एकत्र, आहे.

नंबर नाही लागला तर गडचिरोलीत किंवा नागपुरात बीएस्सी, मग जॅम किंवा गॅट-बी या प्रवेश परीक्षा देऊन चांगल्या ठिकाणी एमएस्सी. नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली की पीएचडी करताना महिन्याला ३७,००० रुपये आणि वर घरभाडे भत्ता मिळतो. पुण्यात पेशींवर संशोधन करणारं राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र आहे. जबलपूरची आयसीएमआरची (केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची) संस्था तर आदिवासींच्या आरोग्यावर काम करते, त्यात मलेरियाही येतो, आणि पुण्यापेक्षा ती तुम्हाला जवळ आहे. कायम नोकरी लागेपर्यंत मात्र तिशी गाठेल. तेवढी वर्षं लग्नाची घाई करणार नाही, हे तिला आजच सांगा.

या महिन्यात दोनच कामं: गणिताची पुस्तकं आणा, आणि आयएटीच्या अर्जाची तारीख संकेतस्थळावर तिलाच पाहू द्या.