मूळव्याध आहे, तर तांबडा रस्सा आणि मिसळ कायमची सोडायची का?

कायमची नको. तिखटानं मूळव्याध होत नाही, आग मात्र वाढते. रक्त पडतंय तोवर कटाला सुट्टी द्या. खरं कारण कुंथणं. त्या दाबानं गुदद्वाराच्या शिरा फुगतात. चोथा कमी पडला की कुंथावं लागतं, आणि आपल्या मटणाच्या ताटात चोथा असतो कुठं? सोबत ज्वारीची भाकरी, मेथी, काकडी वाढवा. रात्री इसबगोल घ्या, पण पेलाभर पाण्यासोबतच, नाहीतर उलट खडा धरतो. मोबाईल घेऊन संडासात बसणं बंद. ठणकत असेल तर टबात कोमट पाण्यात १०-१५ मिनिटं बसा. 'एका इंजेक्शनात गॅरंटी' असल्या पाट्यांच्या नादी लागू नका. रक्त लालभडक असलं तरी एकदा सर्जनला दाखवाच. शौच काळी होत असेल, वजन घटत असेल किंवा वय चाळिशीपुढचं असेल तर लगेच.