सेनापती, राजदूत, राष्ट्राध्यक्ष

प्रश्न : फिजीचे माजी राष्ट्राध्यक्ष रातू एपेली नाइलातिकाऊ हे पूर्वी राजदूत होते, हे खरे आहे का?

उत्तर : होय, मात्र त्यांची सुरुवात सैन्यात झाली. ('रातू' हे नाव नसून सरदार घराण्यातील पुरुषांची उपाधी आहे.) १९८७ च्या मे महिन्यात ते ऑस्ट्रेलियात असताना त्यांचेच कनिष्ठ अधिकारी सितिवेनी राबुका यांनी उठाव केला आणि नाइलातिकाऊ यांचे सेनापतिपद गेले. त्याच वर्षी फिजी प्रजासत्ताक होऊन राष्ट्रकुलाबाहेर पडले (राष्ट्रकुलातील देश एकमेकांकडे राजदूताऐवजी उच्चायुक्त पाठवतात); त्यामुळे पुढे ब्रिटनमध्ये नेमणूक झाली तेव्हा देशाचे प्रतिनिधित्व त्यांनी उच्चायुक्त म्हणून नव्हे, तर राजदूत म्हणून केले. ज्या उठावाने पद हिरावले, त्यातून उभ्या राहिलेल्या राजवटीचीच बाजू परदेशात मांडणे ही राजनयाची अवघड परीक्षा होती, असे आम्हांस वाटते.

पुढे ते संसदेचे सभापती आणि, २००६ च्या उठावानंतर, परराष्ट्रमंत्री झाले. २००९ ते २०१५ या काळात ते राष्ट्राध्यक्ष होते. त्यांच्यानंतर त्या पदावर आलेले जिओजी कोनरोटे हेही माजी सेनाधिकारी आणि, फिजी राष्ट्रकुलात परतल्यानंतरच्या काळातील, ऑस्ट्रेलियातील माजी उच्चायुक्तच होते. परंतु त्यांची निवड, २०१३ च्या राज्यघटनेनुसार, संसदेने केली.