वाचकांचे प्रश्न : ब्रँड छायाचित्रणासाठी कोणती साधने आधी घ्यावीत?

प्रश्न : मी गेली सहा वर्षे समारंभांची छायाचित्रे काढतो आहे. आता उद्योगांसाठी, त्यांच्या ब्रँडसाठी काम करायचे मनात आहे. माझा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा आणि लहान सेन्सरचा (उजेड टिपणाऱ्या भागाचा) आहे. फुल-फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा घेतल्याशिवाय या कामात पडू नये, असे मित्र सांगतात. हे खरे आहे का?

उत्तर : कॅमेरा बदलण्याची घाई करू नका. २४ मेगापिक्सेलचे छायाचित्र साधारण ६००० गुणिले ४००० बिंदूंचे असते आणि इंचाला ३०० बिंदू या छपाईच्या नेहमीच्या मापाने ते २० इंच रुंद छापता येते. मासिकाच्या पानभर जाहिरातीला तेवढे पुरून उरते. फुल-फ्रेम सेन्सर ३६ गुणिले २४ मिलिमीटरचा असतो आणि त्याचा फायदा मुख्यतः अंधूक उजेडात व पार्श्वभूमी धूसर करताना जाणवतो. समारंभात या दोन्हींची सतत गरज पडते. उत्पादनाचे छायाचित्र काढताना मात्र उजेड आपणच लावतो, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) १०० वर ठेवतो आणि वस्तू पुढून मागेपर्यंत स्पष्ट दिसावी म्हणून लेन्समधले उजेडाचे छिद्र म्हणजेच अ‍ॅपर्चर एफ ८ किंवा एफ ११ इतके लहान करतो, त्यामुळे तो फायदा बराचसा पडूनच राहतो. आपल्या कॅमेऱ्यात रॉ फाइल (सेन्सरने टिपलेली, प्रक्रिया न केलेली मूळ माहिती) मिळते का, दोन मेमरी कार्डांची सोय आहे का आणि तो केबलने लॅपटॉपला जोडता येतो का, एवढे मात्र जरूर पाहा.

या कामात ग्राहक एकाच उत्तम छायाचित्राचे पैसे देत नाही. आज काढलेले आणि सहा महिन्यांनी काढलेले छायाचित्र एकाच घरातले वाटले पाहिजे, अशी त्याची अपेक्षा असते. हे मी चुकूनच शिकलो. साबणाच्या पाच वड्यांची छायाचित्रे ग्राहकाला पसंत पडली होती. चार महिन्यांनी त्याच मालिकेतला सहावा साबण आला, तेव्हा दिवा किती उंचीवर आणि किती अंतरावर होता याची माझ्याकडे कुठेच नोंद नव्हती. सावलीची कड काही केल्या जुळेना. शेवटी सहाही साबण मी स्वखर्चाने पुन्हा काढून दिले. तेव्हापासून उजेड हुबेहूब पुन्हा उभा करता येईल अशी साधने मी आधी घेतो आणि कॅमेऱ्याचा विचार सर्वांत शेवटी करतो.

प्रश्न : फ्लॅश घ्यावेत की सतत जळणारे एलईडी दिवे? आणि किती?

उत्तर : व्हिडिओही करणार असाल तर एलईडी घ्यावेच लागतील. केवळ छायाचित्रे काढायची असतील तर स्टुडिओ फ्लॅश अधिक उपयोगी, कारण त्याचा उजेड जोरदार असतो, रंग दिवसाच्या प्रकाशाजवळ म्हणजे सुमारे ५५०० केल्व्हिनवर (केल्व्हिन हे उजेडाच्या रंगछटेचे माप) राहतो आणि ओतले जाणारे द्रव किंवा उडणारे थेंब तो जागच्या जागी थांबवतो. एलईडी घेताना केवळ सीआरआय हा, दिव्याखाली रंग किती खरे दिसतात ते सांगणारा आकडा पाहून भुलू नये. तो आकडा म्हणजे आठ फिक्या रंगांवरून काढलेली सरासरी असते. गडद लाल रंग, ज्याला आर ९ म्हणतात, तिच्यात धरलेलाच नसतो. त्यामुळे आकडा भरघोस असूनही लाल वेष्टन विटलेले दिसू शकते. आर ९ वेगळा विचारून घ्यावा.

चार वेगवेगळ्या बनावटीच्या दिव्यांपेक्षा एकाच बनावटीचे, एकाच मॉडेलचे दोन दिवे कधीही बरे. त्यांच्यासोबत एक मोठा सॉफ्टबॉक्स (दिव्याचा उजेड मऊ करणारी कापडी पेटी), एक अरुंद उभा सॉफ्टबॉक्स, भक्कम स्टँड आणि स्टँडच्या पायावर ठेवायला वाळूच्या पिशव्या घ्या. दिवा वस्तूपासून दुप्पट दूर नेला की वस्तूवरचा उजेड निम्मा नव्हे, चौथाई होतो, म्हणून स्टँड वीतभर सरकला तरी जवळ लावलेल्या दिव्याचा परिणाम बदलतो.

दिव्यांइतकेच महत्त्व मी पांढऱ्या आणि काळ्या जाड पुठ्ठ्यांना देतो. काचेची बाटली घेऊन स्वतः करून पाहा. बाटलीच्या मागे दुधी अ‍ॅक्रिलिकचा पत्रा उभा करा आणि त्याच्या पाठीमागून दिवा लावा. बाटली उजळते, पण तिच्या कडा पांढऱ्या पार्श्वभूमीत विरून जातात. आता दोन्ही बाजूंनी काळ्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या चौकटीच्या अगदी बाहेरपर्यंत आणा. पट्टी बोटभर पुढे सरकली की काचेच्या कडेवर पेन्सिलीने ओढावी तशी बारीक काळी रेघ उमटते आणि बाटलीला आकार येतो. समोरचे लेबल अंधारात राहिले असेल तर पुढून एक पांढरा पुठ्ठा धरावा. आतले द्रव गडद असेल तर चंदेरी कागद बाटलीच्या आकारात, पण तिच्याहून थोडा लहान कापून बाटलीमागे लपवावा. द्रव आतून उजळल्यासारखे दिसते. महागडा कॅमेरा यातले काहीच करून देत नाही.

प्रश्न : वेष्टनाचा रंग छायाचित्रात वेगळा दिसतो, अशी माझ्या ग्राहकांची तक्रार असते. यावर उपाय काय?

उत्तर : तक्रार रास्त आहे, कारण रंग ही ब्रँडची ओळख असते. प्रत्येक मांडणीत पहिले छायाचित्र २४ चौकोनांच्या रंगतक्त्याचे काढावे. हा तक्ता १९७६ पासून प्रचारात आहे आणि संगणकावर त्याच्या आधारे आपल्या कॅमेऱ्याचे रंग दुरुस्त करता येतात. खिडकीचा उजेड आणि खोलीतले दिवे फ्लॅशमध्ये मिसळू देऊ नयेत. रॉ फाइल बहुधा १४ बिटची, म्हणजे प्रत्येक रंगवाहिनीत १६,३८४ पायऱ्यांची असते, तर जेपेगमध्ये त्या २५६ असतात. रंग दुरुस्त करताना पार्श्वभूमीवर पट्टे उमटू नयेत यासाठी रॉ फाइलच हवी.

एवढे करूनही मॉनिटर खोटा असेल तर सर्व श्रम फुकट जातात. मॉनिटर जुळवणारे छोटे उपकरण मी चैनीचे मानत नाही. ६५०० केल्व्हिन, गॅमा (मधल्या छटांचा उजळपणा ठरवणारा आकडा) २.२ आणि अतिशय भगभगीत नसलेली प्रखरता, अशी जुळणी दर महिन्याला करावी. ग्राहकाकडून त्याच्या रंगाचा पँटोन क्रमांक (छपाईच्या प्रमाणित रंगयादीतला क्रमांक) काम सुरू करण्यापूर्वीच मागून घ्यावा. काही भडक नारिंगी आणि बहुतेक चमकदार फ्लुरोसंट रंग एसआरजीबीच्या, म्हणजे पडद्यांसाठीच्या नेहमीच्या रंगपट्ट्याच्या मर्यादेत बसतच नाहीत. असा रंग समोर आला तर पडद्यावर तो तंतोतंत दिसणार नाही, हे ग्राहकाला आधीच सांगावे.

प्रश्न : लेन्स किती असाव्यात? पोलरायझर लागतोच का?

उत्तर : दोन लेन्सवर बहुतेक काम निभावते. कामाची जागा आणि माणसे टिपायला मध्यम झूम. आपल्या लहान सेन्सरवर १७ ते ५० मिलिमीटरच्या आसपासचा चालेल. वस्तूंसाठी ६० ते १०० मिलिमीटरमधला, एकास एक प्रमाण देणारा, म्हणजे वस्तू सेन्सरवर तिच्या खऱ्या मापाची उमटवणारा मॅक्रो घ्यावा. वाइड लेन्सने डबा जवळून काढू नये, कारण त्याची जवळची बाजू फुगते आणि प्रमाण बिघडते. पोलरायझर हा लेन्सवर लावायचा फिल्टर काच, प्लास्टिक आणि ओलसर पृष्ठभाग यांवरची चकाकी कमी करतो, पण नुसत्या धातूवरच्या चकाकीवर त्याचा जवळपास काहीच इलाज चालत नाही.

प्रश्न : फाइली जपण्यासाठी आणि इतर किरकोळ सामानात काय असावे?

उत्तर : चित्रण चालू असताना कॅमेरा केबलने लॅपटॉपला जोडावा, म्हणजे ग्राहक मोठ्या पडद्यावर पाहून तिथेच पसंती देतो आणि धुळीचा कण वेळीच नजरेस पडतो. फाइलींच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साठवणीत, त्यांतली एक दुसऱ्या जागी, हा नियम त्याच रात्री पाळावा. कार्ड त्याआधी पुसू नये.

पिशवीत सुती हातमोजे, धूळ उडवायचा रबरी फुगा, चिंध्या न सोडणारे फडके, गॅफर टेप, वस्तू तोलून धरायला चिकट पुट्टी आणि लवकर न सुकणाऱ्या थेंबांसाठी पाणी व ग्लिसरीन यांच्या मिश्रणाचा फवारा असावा. मोजपट्टी आणि वही हवीच. दिव्याची उंची, वस्तूपासूनचे अंतर, फ्लॅशची ताकद, कॅमेऱ्याची उंची आणि लेन्सचे माप वहीत लिहावे, आणि मांडणी मोडण्यापूर्वी मोबाइलने तिचा एक फोटो बाजूने व एक वरून काढून तो त्याच कामाच्या फोल्डरमध्ये ठेवावा.