एचओएची वर्गणी भरूनही अंगणातील गवतासाठी नोटीस का येते? ही वर्गणी जाते कुठे?

अमेरिकेतील उपनगरांमध्ये घरमालक संघटनेची (म्हणजेच एचओएची) वर्गणी प्रामुख्याने सामायिक मालमत्तेसाठी असते: खासगी अंतर्गत रस्ते, पोहण्याचा तलाव, पावसाचे पाणी साठवणारे तळे, विमा इत्यादी. स्वतःच्या अंगणातील गवत कापणे, वसाहतीच्या घोषणापत्रात (घरमालकांना लागू असलेल्या नियमांच्या दस्तऐवजात) वेगळे लिहिलेले नसेल तर, आपल्याकडेच राहते, आणि खरेदीबरोबर ते घोषणापत्र आपल्यावर बंधनकारक झालेले असते.

वर्गणीचा जो भाग मोठ्या दुरुस्त्यांसाठीच्या राखीव निधीत जातो, तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. डांबराला पडलेल्या भेगा वेळेवर बुजवल्या नाहीत तर पाणी खालच्या थरात मुरून रस्ताच खचतो, आणि राखीव निधी रिकामा असेल तर संघटनेचे संचालक मंडळ विशेष आकारणी, म्हणजे वर्गणीखेरीज जादा रक्कम, लावते. कॅलिफोर्नियात, १९८५च्या डेव्हिस-स्टर्लिंग कायद्यानुसार, अशा सामायिक घटकांची पाहणी साधारणतः दर तीन वर्षांनी करावी लागते; तो अहवाल अवश्य मागून वाचावा (सभेतील चहापाण्यापेक्षा तो अधिक बोलका असतो).

नोटिशीला मुदतीच्या आत लेखी उत्तर द्यावे, कोणत्या कलमाचा भंग झाला हे विचारावे आणि दंड लावण्यापूर्वी सुनावणी मागावी. रागाच्या भरात वर्गणी मात्र थांबवू नये, कारण थकबाकीपोटी घरावर बोजा चढू शकतो. मंडळाचे अधिकारही अमर्याद नाहीत: उदाहरणार्थ, स्वतःच्या छतावर एक मीटरपर्यंतची उपग्रह डिश अँटेना बसवण्यास सरसकट मनाई करणे संघीय नियमांत बसत नाही.