वही चुलीत घालू नका

लाखांदूर तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र: "पोट्टा बारावी सायन्सला आहे. मामाच्या बँडपार्टीत क्लॅरिनेट वाजवते, मंडईच्या जत्रेच्या दिवसांत नाटकाच्या ऑर्गनवाल्याजवळ बसून राहते. आता म्हणते, सिनेमाच्या अन् जॅझच्या ऑर्केस्ट्राचं संगीत लिहीन. मुंबईच्या कोर्सची फी लाखांत आहे. दोन एकर धानाची जमीन काढू का? रात्रभर वहीत खरडते, ती वही चुलीत घालावीशी वाटते." सोबत वहीच्या एका पानाचा फोटो आहे.

भाऊ, नमस्कार.

जमीन विकू नका. हे आधी सांगतो, म्हणजे पुढचं निवांत वाचाल.

तो फोटो मी मोठा करून तीनदा पाहिला. लग्नातल्या गाण्याची चाल, आणि प्रत्येक वाद्याची ओळ वेगळी. क्लॅरिनेटला चाल, सॅक्सोफोनला खालचे लांब सूर, आणि ट्रम्पेटला पहिली दोन आवर्तनं नुसत्या रेघा. वरातीच्या बँडमध्ये ट्रम्पेटवाल्याला गप्प बसवायला हिंमत लागते, भाऊ! तो आला की अंगावर काटा यावा म्हणून पोरानं त्याला आधी थांबवून ठेवलंय. अरेंजरचं काम हेच. चाल कुणाचीही असो. कोणतं वाद्य कधी, कुणाच्या सोबतीनं वाजेल आणि कधी वाजणार नाही, ते तो कागदावर ठरवतो. हे तुमच्या मुलाला कुणी न शिकवता सुचलंय.

हिंदी सिनेमात हे काम उभं केलं ते मुख्यतः गोव्याच्या वादकांनी. चर्चच्या शाळांमुळे त्यांना लहानपणीच पाश्चात्त्य स्वरलेखन यायचं. शंकर-जयकिशनच्या चालींसाठी सेबॅस्टियन डिसूझा ऑर्केस्ट्रा लिहीत. सी. रामचंद्रांकडे चिक चॉकलेट हे जॅझचे ट्रम्पेटवादक होते, आणि या रामचंद्रांनी लहानपणी गाण्याचे धडे घेतले ते आपल्या नागपुरात, शंकरराव सप्रे यांच्याकडे. तेव्हा हे जग तुम्हाला वाटतं तितकं परकं नाही.

पण आजचं चित्र वेगळं आहे, तेही सांगायला हवं. आता एक माणूस कॉम्प्युटरवर तीस व्हायोलिनांचा आवाज काढतो, त्यामुळे वादकांनी भरलेला स्टुडिओ क्वचितच दिसतो. 2016 च्या 'सैराट'साठी अजय-अतुल यांनी थेट अमेरिकेत जाऊन सिम्फनी ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड केला, पण असं भाग्य फार थोड्या सिनेमांना मिळतं. नवा मुलगा आधी एखाद्या संगीतकाराचा सहायक होतो, कॉम्प्युटरवर ट्रॅक बांधतो, वादकांचे पार्ट लिहून देतो. पैसे कामागणिक. 2012 च्या कॉपीराइट कायद्यातल्या दुरुस्तीनं संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क पक्का केला. अरेंजरला मात्र बहुधा एकदाच ठरलेली रक्कम मिळते. नुसत्या जॅझ ऑर्केस्ट्रावर आपल्याकडे घर चालणार नाही. नेदरलँड्समध्ये मेट्रोपोल ऑर्केस्ट्रा 1945 पासून हेच काम करतो, पण तो पल्ला फार लांबचा.

आता त्यानं काय करायचं? पाश्चात्त्य स्वरलेखन शिकायचं, आणि ते त्याच वहीत. सरगमनं तो इथवर आला, पण स्टुडिओतल्या वादकापुढे पाच रेघांवरच्या पाश्चात्त्य लेखनाचा, स्टाफ नोटेशनचाच कागद ठेवावा लागतो. त्यातही गोम आहे. बँडमधल्या ट्रम्पेटवाल्यानं कागदावरचा 'सी', म्हणजे पेटीची पांढरी एक, वाजवला की पेटीच्या काळी पाचचा सूर निघतो. आल्टो सॅक्सोफोनवर तोच 'सी' काळी दोन होतो. म्हणजे प्रत्येकाचा कागद वेगळ्या पट्टीत लिहायचा. मुंबईच्या कोर्सला हे पुस्तकातून शिकवतील. तुमच्या पोराजवळ चूक झाली की लगेच बेसूर ऐकवणारी अख्खी बँडपार्टी आहे. जॅझच्या बिग बँडमध्ये साधारण 17 वादक असतात: 5 सॅक्सोफोन, 4 ट्रम्पेट, 4 ट्रॉम्बोन, आणि पियानो, गिटार, बास, ड्रम. यातली अर्धी वाद्यं मामाच्या दारात उभी आहेत. म्यूझस्कोअर हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं; त्यात लिहिलेलं लगेच ऐकूही येतं. लंडनच्या एबीआरएसएम या संगीत परीक्षा मंडळाची थिअरीची परीक्षा पाचव्या ग्रेडपर्यंत ऑनलाइन देता येते. फी लागते, पण त्यासाठी जमीन काढावी लागत नाही.

आपल्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीची नाटकं मी रात्र रात्र बसून पाहिली आहेत. समोर प्रसंग बदलला की ऑर्गनवाला त्याच क्षणी सूर बदलतो. पार्श्वसंगीताची याहून चांगली शाळा मला माहीत नाही. म्हणून या हंगामात त्याला वडशाच्या एखाद्या नाटक कंपनीत ऑर्गनवाल्याच्या हाताखाली बसू द्या. परीक्षेचे दिवस तेवढे सोडा; बारावी नीट पास व्हायलाच हवी. पुढे नागपूरला बी.ए.ला संगीत घेता येईल, आणि तिथून रेकॉर्डिंग स्टुडिओही जवळ. चेन्नईला ए. आर. रहमान यांनी 2008 मध्ये काढलेली केएम म्युझिक कॉन्झर्व्हेटरी आहे; दोन-तीन वर्षांनी हातात लिहिलेलं पुरेसं काम जमलं, की तिचा विचार करू.

पुढच्या पत्रासोबत आणखी दोन पानं पाठवा. फोटो काढताना मात्र पान पूर्ण येऊ द्या. या वेळी खालची युफोनियम या पितळी वाद्याची ओळ कापली गेली आहे, आणि तिथं त्यानं काय लिहिलं असेल हे मला दोन दिवसांपासून छळतंय.