बाहेरच्या राज्यात इंजिनिअरिंगला जायचं म्हणतोस ना, मग यादी नीट लाव

बाबू,

काल तुझ्या बाबांचा फोन आला होता, म्हणे हा दिवसभर कटऑफचे व्हिडिओ पाहून राहिला आणि घरात कोणाशी धड बोलत नाही. जेईईची रँक चांगली आली रे तुझी, आता टेन्शन घेण्यापेक्षा डोकं लाव.

तू वारंगलच्या एनआयटीच्या कटऑफचा जो स्क्रीनशॉट पाठवला ना, तो होम स्टेटचा आहे, तिकडच्या पोरांचा. एनआयटी म्हणजे केंद्राची इंजिनिअरिंग कॉलेजं, त्यात अर्ध्या जागा त्याच राज्यातून बारावी केलेल्यांना आणि अर्ध्या बाहेरच्यांना. तुझी बारावी नागपुरातली म्हणून व्हीएनआयटीत, म्हणजे नागपूरच्या एनआयटीत, तू होम स्टेट, बाकी सगळ्या एनआयटीत अदर स्टेट, आणि इथं डोमिसाइल कोणी पाहत नाही, बारावी कुठून केली ते पाहतात (तुझा तो मित्र कोटाला राहून तिथूनच बोर्ड देऊन आला ना, तो आता राजस्थानचा झाला, व्हीएनआयटीचा होम स्टेट कोटा गेला त्याचा, घरच्यांना माहीत आहे का विचार). जोसाच्या (एनआयटीचे प्रवेश करणारं केंद्राचं काउन्सेलिंग) साइटवर क्लोजिंग रँक, म्हणजे शेवटची सीट ज्या रँकला गेली ती, काढताना कोटा ओएसवालाच (अदर स्टेट) पाहा, शेवटच्या राउंडचा पाहा, आणि एका वर्षावर जाऊ नको, मागची दोन-तीन वर्षं काढ.

आता खरा प्रश्न, जायचं कशाला? नुसतं हॉस्टेल लाइफ पाहिजे म्हणून जात असशील तर हॉस्टेल बजाज नगरातही आहे, बाबांना सांग घरून येणं-जाणं जमत नाही म्हणून. व्हीएनआयटीत जी ब्रँच मिळते तीच ब्रँच घ्यायला रायपूर किंवा एखाद्या नव्या एनआयटीत जाण्यात मला काही अर्थ दिसत नाही. त्रिची, सुरतकल, वारंगल यांची गोष्ट वेगळी, तिथं कॉम्प्युटरऐवजी इलेक्ट्रॉनिक्स किंवा इलेक्ट्रिकल मिळालं तरी मी जा म्हणीन. पण कोडिंगच करायचं आहे आणि मेटलर्जी घेऊन बसायचं, पुढं ब्रँच चेंज होईल म्हणून, असं करू नको, ब्रँच चेंजच्या जागा मोजक्या असतात आणि त्या पहिल्या वर्षाच्या टॉपरांना जातात. वारंगलचं अजून एक, आपल्या बल्लारशाच्या लाइनवरच आहे ते, दिवाळीला घरी यायला ट्रेन बदलावी लागत नाही. आईला हेच पहिलं सांग.

पैशाचं बोलायला लाजू नको. एनआयटीची ट्यूशन फी वर्षाला सव्वा लाख, हॉस्टेल-मेस वेगळं, आणि घरचं उत्पन्न पाच लाखांच्या आत असेल तर दोन तृतीयांश ट्यूशन फी माफ होते, एक लाखाच्या आत असेल तर पूर्ण. खाजगीत बिट्स पिलानीला चार वर्षांची नुसती फीच वीस लाखांच्या वर जाते. व्हीआयटीत तर एकाच ब्रँचच्या फीच्या पाच कॅटेगऱ्या, त्यांच्या स्वतःच्या परीक्षेत तुझी रँक जितकी मागं तितकी फी जास्त. कॉलेज वाईट नाहीत ती, पण बाबा लोन काढणार असतील तर हप्ता किती बसतो ते आत्ता काढायचं, तिसऱ्या वर्षाला नाही. आणि जोसाच्या आधी कोणी सीट ब्लॉक करायला पैसे मागत असेल तर रिफंड कधीपर्यंत आणि किती कापून, हे लेखी वाचल्याशिवाय भरू नको.

मग यादी. पोरं इथंच घाबरतात, वारंगल वर लिहिलं आणि नाही मिळालं तर खालचं पण हातचं जाईल म्हणून. तसं होत नाही. जोसाचा कॉम्प्युटर तुझ्या यादीत वरून खाली येतो, जिथं पहिली जागा बसते तिथं थांबतो, वर काय लिहिलं त्यानं खालचं एकही कमी होत नाही. म्हणून मनातल्या क्रमानंच लिही, रँकच्या अंदाजानं नाही. फक्त जिथं खरंच जाणार नाहीस ते लिहूच नको, कारण फ्लोट (आत्ताची सीट धरून यादीतल्या वरच्याची वाट पाहणं) ठेवलं आणि पुढच्या राउंडला वरची सीट लागली की आधीची गेली, परत मागता येत नाही. लिहिताना प्रत्येक ओळीला स्वतःला विचार, ही लागली तर खालचं सगळं सोडून मी जाईन का? थोडं जरी अडखळला तर ओळ खाली सरकव. सीट मनासारखी लागली की फ्रीझ, म्हणजे तीच पक्की, कॉलेज पक्कं पण ब्रँच वरची हवी तर स्लाइड.

राज्याच्या सीईटीचा कॅप (प्रवेशाचा) राउंडही सोडू नको, पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय त्यातच आहे आणि ईबीसीची (आर्थिकदृष्ट्या मागास) अर्धी फी माफी पण राज्यातच मिळते.

एक काम मात्र आजच. आपल्याकडचं एनटी वगैरे जोसात चालत नाही, केंद्राच्या ओबीसी यादीत जात आहे का ते बघून घे, असेल तर नॉन-क्रिमीलेअर केंद्राच्या फॉरमॅटमध्ये लागतं आणि यंदाच्या १ एप्रिलनंतरचं लागतं, राज्याचं दाखवून भागत नाही. सेतूत या दिवसांत काय गर्दी असते तुला माहीत आहे, बाबांना सोबत घेऊन सकाळीच जा.

यादी कागदावर लिहून फोटो पाठव, रविवारी दुपारी मी घरीच आहे, ये मग बसू.

तुझा दादा